पंचमीचं पाणी

अंबाजोगाईहून निघाले तेव्हा माझ्या खानावळीतल्या गिऱ्हाइकांनी एकच बजावलं होतं, "अक्का, मुंबईला चाललात, समुद्र बघून या." खरं सांगते, आठवडाभर राहून आले पण समुद्र काही वाट्याला आला नाही. मी बघितला तो चिखल. पोटभर बघितला, मांड्यांपर्यंत अंगाला लावून घेतला, आणि वर त्याच चिखलात एक नवरी अडकलेली बघितली. आल्यापासून जो तो विचारतोय, आणि तोंडी सांगून माझा घसा बसलाय. म्हणून लिहूनच काढते.

ट्रॅव्हल्सच्या बसनं सकाळी बोरिवलीला सोडलं. अंग आंबून गेलं होतं. रिक्षावाल्याला म्हटलं, चारकोप. तो म्हणाला, "मावशी, सेक्टर बोला, चारकोप लय मोठं आहे." मला काय माहीत सेक्टर! शेवटी धाकट्या बहिणीला, मंगलला, फोन लावून त्याच्याच हातात दिला. दोघांनी काय ते ठरवलं आणि मी घरी पोचले.

मंगल चौथ्या मजल्यावर राहते. चहा घेऊन गॅलरीत उभी राहिले आणि थक्कच झाले. मला वाटलं होतं समोर दुसऱ्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतील. तर इमारती जिथं संपतात तिथून हिरवंगार रान सुरू होत होतं, ते पार लांबच्या टेकड्यांपर्यंत. मधूनच पाण्याची एक पांढरी रेघ.

"एवढ्या बाभळी कुणी लावल्या गं?" मी विचारलं.

मंगल हसून हसून बेजार. "अक्का, तिवर आहे ती! खाडीच्या खाऱ्या पाण्यात उगवणारं झाड. आणि परवाच्या लग्नात बाभळ म्हणू नकोस हं, लोक तुला पाण्यात ढकलतील."

ते लग्न म्हणजे हर्षालीचं. तिची आई सुगंधा चारकोपच्या बाजारात मासे विकते. मंगल तिची जुनी गिऱ्हाईक, पण मंगलला टायफॉइड झाला तेव्हा ही बाई रोज पेजेचा डबा घेऊन चार जिने चढून यायची. तेव्हापासून त्या दोघी मैत्रिणी. सुगंधाचा कोळीवाडा चारकोपच्या पाठीमागे खाडीला लागून आहे, आणि हर्षालीचं सासर त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर. गावांची नावं मी लिहीत नाही. माणसं भली आहेत, उगाच कुणी चौकशा करत जायला नको.

लग्नाच्या दोन दिवस आधी मंगल मला तिच्याकडे घेऊन गेली. सुगंधाचं घर अगदी शेवटच्या ओळीत, अंगण संपलं की चिखल.

"यो गो अक्का," तिनं दारातूनच हाक मारली. "पाय बघून टाक, शेवाल हाय."

इथल्या बोलीत शेवाळाचं शेवाल होतं, होडीची होरी आणि झाडाचं झार. पहिला तासभर मी नुसती मान डोलवत होते. मग कान सरावला. सुगंधा अंगानं ठेंगणी, अंबाड्यात अबोलीची वेणी, आणि आवाज असा की आमच्या स्टँडवरचा कंडक्टर लाजावा. हर्षाली शाळेत असताना नवरा गेला. त्याच्यामागं त्याची होडी हिनंच चालवली. आता कोळीवाड्यातल्या बायकांचा एक गट आहे. त्या शहरातल्या लोकांना होडीतून तिवरांमध्ये फिरवून आणतात, पक्षी दाखवतात, आणि घरी जेवायला घालतात. झाडांच्या मधोमध जाळीची कुंपणं घालून चिंबोऱ्या (खेकडे) वाढवतात. आणि तिवरांची रोपं तयार करतात. काळ्या पिशव्यांत चिखल भरून ओळीनं मांडलेली ती रोपं मी बघितली. आमच्याकडे मिरचीची रोपं विकायला येतात, अगदी तशी.

"आधी हितं काय होतं?" मी विचारलं.

"काय नव्हतं," ती म्हणाली. "गाऱ्या भरून भराव टाकत होते. झारं सुकली, मेली. मंग उधानाचं पानी (पुनवेला, अवसेला येणारी मोठी भरती) सरल चुलीत. ही हर्षाली पाटावर बसून अभ्यास करायची, तं पाट तरंगायचा. मंग सरकारनं भराव बंद केला, आमी बायांनी झारं लावली, जगवली. आता पानी अंगनात येतं नि मागं फिरतं. चिंबोरी परत आली. माझी पोर ह्याच झारांवर शिकली गो."

मग तिनं त्यातली दुसरी बाजूही सांगितली. जाळी वाळत घालायची मोकळी जागा गेली. डास वाढले. आणि तिवराची फांदी तोडली तरी गुन्हा. कुणाला शेजारी एक खोली वाढवायची तर वाढवता येत नाही. गावातले काही जण तिच्यावर त्यापायी चिडून आहेत. "बोलतात, सुगंधाची झारं, सुगंधाची झारं. मी काय म्हायेरशी आनली?"

जेवायला चिंबोरीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी होती. मी पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी बाई, पण त्या चिंबोरीपुढं हरले. कवच फोडायला गेले तर नांगी उडाली आणि थेट मंगलच्या मांडीवर. सुगंधानं माझ्या हातातून घेतली, दाढेखाली कट्ट केली आणि मांस काढून पानात ठेवलं. लहान लेकराला भरवतात तसं मला जेवू घातलं. रस्सा मात्र असा होता की मी ताटात बोट फिरवून चाटलं, लाज सोडून.

ओट्यावर तिचे सासरे बसले होते. सगळे त्यांना बाबा म्हणतात. दात गेलेत, पण हात जाळ्याच्या गाठीवर असे चालतात की बघत राहावं. लग्नाचा मुहूर्त कधीचा, म्हणून मी त्यांना विचारलं.

"भटाचा मुहूर्त सकालचा," बाबा म्हणाले. "पन नवरी निघनार पान्याचे मुहूर्तावर."

त्या दोन गावांचा रिवाज असा की नवरी सासरी पाण्यातूनच जाते. सुगंधा स्वतः पलीकडची लेक. तीही अशीच होडीतून इकडे आली, आणि वल्हं मारायला हेच बाबा होते. आता रस्ता आहे, फेरीबोट आहे, तरी लेक होडीतूनच पाठवायची असा तिचा हट्ट होता. आईनं लेकीबरोबर सासरी जायचं नाही, हे आपल्यासारखंच. पण होडी चालवणार तीच. म्हणून असं ठरलं होतं की ती पलीकडच्या धक्क्याला होडी लावील, आणि जमिनीवर पाय न टेकवता मागं फिरेल.

बाबांनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. "पुनवेची भरती भर दुपारची. तिथशी रोज थोरी थोरी उशिरा. लगीन हाय पंचमीला. म्हंजे ऊन कललं का पानी भरलं."

"पण पुनवेएवढं नसणार ना पाणी? पुरेल?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी मला विचारावं की अक्का, तुमच्याकडं मीठ मिळेल का. "पंचमीचं पानी नवरीचे होरीला कमी परलं, असं माझे जन्मात झालं नाय."

दुसऱ्या दिवशी सुगंधाला मानपानाच्या साड्या पोचवायला पलीकडे जायचं होतं. मंगलला पाण्याची भीती, ती फेरीबोटीतसुद्धा डोळे मिटून बसते. म्हणून सोबतीला मी गेले. सकाळची वेळ, ओहोटी. दोन्ही काठांचा चिखल उघडा पडलेला, त्यावर बोटाएवढ्या निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) टणाटण उडत होत्या. वारा छान होता. मला सगळं फार आवडलं.

हर्षालीची सासू जनाबाय. उंच, वाळकी, बोलायला फटकळ. जेवायला बसवलं आणि शिवल्यांचं सुकं वाढलं. शिवल्या म्हणजे चिखलात मिळणारे शिंपले. ओलं खोबरं घालून केलेले. मी म्हटलं, अशी चव जन्मात चाखली नाही.

"इकतच्या हायत," जनाबाय म्हणाली.

"का? खाडी तर दारात आहे की."

ती उठली आणि मला हाताला धरून घरामागं घेऊन गेली. सुगंधा मागून आली नाही. समोर चिखलात पुरुषभर उंचीची तिवराची झाडं ओळीनं उभी होती, कुणी दोरी लावून लावल्यासारखी.

"ही आमची शिवल्यांची जागा," जनाबाय सांगू लागली. "पानी उतरलं का गावातल्या सगल्या बाया हितं. हातानं नाय, पायानं शोधायचं. पायाला कलतं शिवली कंला (कुठं) हाय ती. माझी दोन पोरं ह्या चिखलावर वाढली. मंग एक दिवस गारी भरून मानसं आली. डोक्यावर टोप्या. त्यांना वाटलं ओसाड जागा हाय. झारं लावली, फोटो काढले, बटाटवरे खाल्ले नि गेली. आता मुलं (मुळं) पसरली, शिवली नाय."

कुठली माणसं, ते कुणालाच सांगता येईना. शहरातली कुठलीशी कंपनी, एवढंच.

आमच्याकडे शेजारच्या गावात गायरानावर अशीच झाडं लावली आणि भोवती तार ओढली. तिथं शेळ्या चारणाऱ्या म्हातारीला कुणी विचारलं नव्हतं. झाडं चांगली आली, सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. म्हातारीनं शेळ्या बाजारात नेल्या.

घरात आलो. जनाबाय पाणी पिता पिता मला म्हणाली, "आता इचार तुझे मैत्रिणीला, रोपं कोनाकरशी आली होती."

सुगंधा मान खाली घालून बसली होती. "मला काय म्हाईत गो, टेम्पो आला नि भरून नेली."

"कंला लावनार, इचारलंस?"

सुगंधा आणलेल्या साड्यांच्या घड्या नीट करू लागली.

"नवरी होरीतशीच आन, विहीनबाय," जनाबाय म्हणाली. "पन तुझेच तिवरांतनं वाट काढून आन. बघूया कशी आनतंस. मी काय बोलनार नाय. फक्त हसेन."

परतताना बोटीत सुगंधा माझ्या शेजारी येऊन बसली. मग माझा हात धरून म्हणाली, "अक्का, तिचा राग माझेवर हाय. तो माझे पोरीवर निघाला तं? तिला जनमभर त्या घरात नांदायचं हाय. होरी येलेवर लागू दे, मानानं लागू दे, एवरंच मागनं हाय माझं."

लग्नाचा दिवस उजाडला. काय ती गंमत सांगू! हिरव्या साड्यांतल्या बायका, सगळ्यांच्या एकसारख्या, आणि धवलारीण (लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई) असा सूर लावत होती की भटजी मधेमधे थांबून तिची वाट बघायचे. जेवणं झाली. नवरदेव रोशन हसतमुख, कुणी काही म्हटलं की "चालेल ना" एवढंच म्हणणारा. हर्षाली काष्टा नेसून, मुंडावळ्या बांधून इतकी गोड दिसत होती की मी दोनदा बोटं मोडली.

झेंडूच्या माळांनी मढवलेली होडी धक्क्याला तयार होती. ऊन कललं, पाणी भरलं, अगदी बाबांनी सांगितलं होतं तसं. पण व्हिडिओवाल्याचं समाधान होईना. त्यानं आणलेला तो उडणारा कॅमेरा. नवरा-नवरी होडीत चढतात, कॅमेरा वरून येतो. नको, परत उतरा, परत चढा. मग नवरीनं मागं वळून बघायचं. मग न रडता बघायचं.

"अरे पानी थांबत नाय तुझे फोटोला!" बाबा ओरडले.

"आजोबा, एकच, लास्ट!" असं म्हणत त्यानं आणखी पाच घेतले. सुगंधा सुकाणूशी बसून पाण्याकडे बघत होती. लेकीचा एकुलता एक दिवस, तिला मोडवेना.

शेवटी निघालो. पुढं बांबू घेऊन बाबा, मध्ये नवरा-नवरी, त्यांच्याशेजारी मी, मागं सुगंधा. मंगल फेरीबोटीनं येणार होती. दोन्ही बाजूंना तिवरं पाण्यात गळ्यापर्यंत बुडून उभी. फांदीवर एक खंड्या बसला होता, निळाशार, आमच्या मशीनच्या आवाजानं तो हललासुद्धा नाही. मागं चारकोपचे टॉवर, पुढं नुसतं पाणी आणि हिरवं. हर्षाली रडायची थांबून मला पक्षी दाखवायला लागली. "मावशी, तो बघा, तो पाणकावळा. आई टुरिस्टना दाखवते ना, मला पाठ आहेत सगळे." मला वाटलं, माझी गिऱ्हाइकं म्हणतात तो समुद्र गेला उडत, मला हेच बरं आहे.

मोठी खाडी ओलांडली. पलीकडचा धक्का दिसू लागला, बँड वाजू लागला. जनाबाय पुढंच उभी होती. बाबांनी बांबूनं उजवीकडे खूण केली. "हितशी ने. हितं पुरुषभर पानी असतं."

सुगंधानं वळवली. आणि होडी एखाद्या म्हशीनं फतकल मारावी तशी गप्पकन बसली.

बाबांनी बांबू खुपसला. गुडघाभर पाणी, खाली मऊ गाळ. दुसरीकडे खुपसला. तिथंही तेच. मशीन रेटली तर नुसता काळा चिखल वर आला. म्हातारा बांबूकडे बघत राहिला. "तल (तळ) वर आलाय," तो म्हणाला. "माझी खून बरोबर हाय. पानी बरोबर हाय. तलच वर आलाय." तिवरांच्या मुळांनी गाळ धरून ठेवला होता, आणि ती झाडं लावल्यापासून बाबा या वाटेनं आलेच नव्हते. पंचमीचं गणित चुकलं नव्हतं. खाडी बदलली होती. त्यात पाणी उतरायला लागलेलं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

बँड थांबला. काठावरून रोशनचे दोन चुलतभाऊ कोयते घेऊन धावत आले. आमच्या डावीकडे पाण्याची एक खोल पट्टी थेट धक्क्यापर्यंत जात होती, पण तिच्यात मधे मधे तिवरं उभी.

"काकी, पाच-सहा झारं कापतो! होरी सरल लागते!" ते ओरडले. "कोन बघतंय?"

"तोडा ना मग!" हर्षाली म्हणाली. "आये, सांग ना त्यांना."

"नको," सुगंधा म्हणाली.

"अगं, काय नको? पाणी चाललं! सगळे बघतायत!"

"हात लावू नका रे झारांना!" सुगंधा ओरडली.

हर्षाली उभी राहिली. होडी डुगडुगली. रागानं तिचं सगळं तोंड लाल झालं होतं. "आये, लेक मोठी का तिवर मोठी? एकदा सांगूनच टाक!"

सुगंधानं लेकीला उत्तर दिलं नाही. ती काठाकडे बघत होती. मग तिचा तो कंडक्टरला लाजवणारा आवाज चिखलावरून पार गेला.

"जनाबाय! ह्या झारांनी तुझी शिवली खाल्ली. रोपं माझी होती. मी इचारलं नाय कंला लावनार, माझी चूक हाय. पन तुझे घराचे मागं उभी हायत ती. तू एकाला तरी कोयता लावलास का?"

काठावरच्या पोरांनी कोयते खाली केले.

"तू नाय लावलास. तुझं घर चालत होतं त्या जागंवर, तरी नाय लावलास. मंग मी माझे पोरीचे मिरवनुकीपायी कशी लावू?"

जनाबाय हसेन म्हणाली होती. ती हसली नाही. पोरांच्या हातातले कोयते तिनं काढून घेतले, पदर खोचला, आणि ठेवणीतल्या शालूसकट चिखलात उतरली.

मग काय, हर्षालीनंही डोळे पुसले, चपला रोशनच्या हातात दिल्या आणि होडीच्या कडेवरून पाय सोडला. ती चिखलात वाढलेली पोर, पाय आडवा टाकत सपसप निघाली. मी मात्र पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत आत. "माय माझी, गेले!" म्हणून ओरडले. रोशननं एका हाताला धरलं, सुगंधानं दुसऱ्या. माझी एक चप्पल तिथंच राहिली, अजून आहे. बाबा होडी सोडून यायला तयार नव्हते. पुढच्या भरतीला घेऊन येतो, म्हणाले.

अर्ध्या वाटेवर सासू-सून समोरासमोर आल्या. जनाबायनं हात पुढं केला आणि हर्षाली एकदम थांबली. उभीच राहिली. मग पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपू लागली.

"काय झालं गं? काच लागली का?" मी घाबरून विचारलं.

ती वाकली, हिरव्या चुड्यासकट कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि मूठ वर काढली. शिवली! परत वाकली, आणखी दोन. जनाबायचेही पाय चालू लागले होते, नजर कुठंतरी लांब, सगळं लक्ष तळव्यात. पाण्याच्या त्या पट्टीच्या कडेला, जिथं झाडं धरली नव्हती, तिथं. दोघी विसरूनच गेल्या की लग्न आहे, बँड आहे, पन्नास माणसं काठावर ताटकळत आहेत. मुंडावळ्या लोंबतायत, आणि नवरी चिखल उपसतेय!

हर्षालीनं तळहात पुढं केला. पाच-सहा असतील. जनाबायनं एक बोटानं उलटीपालटी करून बघितली.

"बारीक हायत," ती म्हणाली. "सोर."

हर्षालीनं एकेक परत चिखलात ठेवली आणि वरून पायानं हलकेच दाबली.

"वाढू दे," जनाबाय म्हणाली, आणि सुनेचा हात धरून चालू लागली.

काठ आला. सगळे वर चढले. सुगंधा तेवढी शेवटच्या दोन पावलांवर चिखलात थांबली.

"तितं कशाला उभी?" जनाबायनं मागं वळून विचारलं. "पाय धुवाला ये."

"आईनं यायचं नसतं गो."

"नवरीनं चिखलातशी यायचं असतं का? आज सगलं उलटंच हाय. ये वर."

आणि सुगंधा गेली. आमचे सगळ्यांचे पाय एकाच बादलीनं, एकाच ओट्यावर धुतले. हर्षालीनं माप ओलांडलं तेव्हा आई दारातच उभी होती. चहा झाला. कप खाली ठेवताना जनाबाय तिला म्हणाली, "पुरले येली (पुढल्या वेळी) रोपं देताना आधी इचार कंला लावनार. नाय सांगितलं तं देऊ नको."

"तू येशील जागा दाखवाला?"

"येईन. माझं काय जातंय?"

दिवेलागणीच्या फेरीबोटीनं आम्ही परतलो. मंगल डोळे मिटून, मी एका पायात चप्पल घालून, आणि सुगंधा चिखल वाळलेल्या साडीत. तिवरं काळीभोर दिसत होती. मला कुणी विचारलं की ही झाडं हवीत का नकोत, तर मी काय सांगू? एका घराची चूल त्यांनी कोरडी ठेवली आणि दुसऱ्या घराची थंड केली. झाडाचा त्यात काही दोष नाही, ते बापडं लावाल तिथं उगवतं. गायरानातल्या त्या म्हातारीकडे गावी गेल्यावर एकदा जायचं, असं मी बोटीत बसल्या बसल्या ठरवलं. जाऊनही आले. आता कशाला आलीस, असं तिनं विचारलं.

बोट निम्म्यावर आली तेव्हा सुगंधा हळूच म्हणाली, "अक्का, पोरीनं इचारलं, लेक मोठी का तिवर मोठी. मी जनाबायला सगलं बोलले. पोरीला काय बोललेच नाय."

"तिला कळलं असेल गं," मी म्हटलं.

"नाय. बोलाला पायजे होतं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हर्षाली होती. आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "आये, बसलीस का बोटीत? साडी ओली आहे ना तुझी? वाऱ्यात बसू नकोस."

"तू मोठी गो," सुगंधा म्हणाली.

"काय?"

"तू मोठी. तूच मोठी."

पलीकडे बँड वाजत होता.

"माहीत आहे मला," हर्षाली म्हणाली. "घरी जाऊन जेव आता. आज एकटी आहेस म्हणून उपाशी झोपू नकोस."